अठ्ठेचाळीस चिंचोके

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. एक्कावन्न वर्षं ज्यांना ताट वाढलं त्या नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि देवाजवळ — देवाजवळ तरी कुठं बोलले? त्याच्यासमोर बसलं की मी आपली पोरांच्या परीक्षा नाहीतर गुडघेदुखी, असलंच काहीतरी काढत बसायची. ह्या गोष्टीपाशी आलं की जीभ वळायचीच नाही. आणि तुम्हाला सांगते, माझी जीभ न वळणं म्हणजे नवल. आमच्या गल्लीत म्हणतात, इंदूआजीकडं हळद मागायला जायचं तर घरचं वरण आधी उतरवून जावं.

तर बसा. गोष्ट मजेची आहे, शेवटपर्यंत ऐकलीत तर हसालही. मीही हसते कधी कधी, एकटीच. मग हसू जरा अडकतं — कुठं अडकतं ते सांगायलाच तर बसले आहे.

माझे मामा, बापूमामा, नांदेडला राहायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. फोनोग्राफ, रेडिओ, विजेचे पंखे, जे बिघडेल ते तिथं यायचं. नीट होऊन जायचं की नाही हा भाग वेगळा. निजामाचं राज्य होतं, पण शेवटची वर्षं. आमचं गाव अर्धापूरजवळ, तिथं पोरींना चौथीच्या पुढं शाळा नव्हती. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून आईनं मला त्यांच्याकडं पाठवलं, पुढं शिकायला. शाळेत मी फार टिकले नाही हो. पण दुकानात टिकले. कथलाचा डाग देणं, तार सोलणं, कुठला बल्ब जळाला ते वासावरून ओळखणं, हे सगळं मी तिथंच शिकले. मामी म्हणायची, "पोरीला स्वैपाक येत न्हाई, पण रेडिओ उघडता येतो. सासरी काय फोडणीत रेडिओ घालायचाय?"

एकदा मामा हैदराबादला गेले आणि तिथं कुठल्याशा मोठ्या घरच्या लग्नात त्यांनी विजेची गिटार ऐकली. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवतात ना, तीच. परत आले ते वेगळेच माणूस होऊन. जेवताना घास हातात धरून बसायचे. "सुमन," मामीला म्हणायचे, "काय आवाज होता! धुतलेला. पाण्यातून काढल्यासारखा. त्यात खरखर न्हाई, घरघर न्हाई, नुसता सूर."

मामी म्हणाली, "घास घ्या. वरणाला साय धरून राहिली."

पण मामांनी ठरवलं ते ठरवलं. तशी गिटार आपण करायची. विकत घ्यायची नाही — कुठून घेणार? — करायची. इथंच, नांदेडात, घरच्या सामानातून.

आता मामा होते विजेचे माणूस. लाकडाचं त्यांना काही कळत नसे. पण लाकडाचं कळणारे दस्तगीरचाचा होते ना! दस्तगीरचाचा लातूरचे सुतार. रेडिओच्या पेट्या, फोनोग्राफची खोकी, हे सगळं मामा त्यांच्याकडूनच करून घ्यायचे. महिन्या-दोन महिन्यांनी चाचा सर्व्हिसमोटारीनं यायचे, काखेत हत्यारांची पिशवी आणि हातात माझ्यासाठी काहीतरी. कधी लाकडाचा भोवरा, कधी रंध्यातून निघालेली लाकडाची लांबच लांब ढलपी, रिबिनीसारखी. आले की दोन दिवस राहायचे. मामी त्यांच्यासाठी वेगळी कपबशी ठेवायची, हे पण सांगायला हवं — तशी रीतच होती तेव्हा — पण त्या कपबशीत साखर मात्र सगळ्यांपेक्षा जास्त पडायची. चाचा आणि मामा एकत्र बसले की अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि सगळं भांडण. दोघांना एकमेकांशिवाय करमत नसे.

चाचांनी एका जुन्या दाराच्या सागवानी फळीतून गिटारीचं अंग काढलं. तारा सतारीच्या. कांडी म्हणून सायकलच्या आसाचा तुकडा, घासून घासून आरसा केलेला. ऐकायला दुकानातलाच एक रेडिओ, ज्याचा मालक तो न्यायला कधी आलाच नाही. त्याच्या पाठीला फोनोग्राफ जोडायची दोन भोकं होती, त्यात गिटारीची तार घालायची की रेडिओच गाणार.

राहिला कान. मामा त्याला कान म्हणायचे. तारांच्या खाली एक लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचं रीळ. तार थरथरली की ह्या रिळाला कळतं, म्हणून कान. लोहचुंबक निघालं एका मेलेल्या टेलिफोनातून. आणि रीळ? मामांनी कुठूनतरी काढलं होतं की फेरे दहा हजार हवेत. एक कमी नको, एक जास्त नको. मामांची बोटं जाड, त्यांनी दोनदा तार तोडली. चाचांच्या बोटांना घट्टे. मामीनं हातच लावला नाही. मग सगळ्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं.

कसं वाटलं असेल मला? तेरा वर्षांची होते. मला वाटलं, आता हैदराबादहून फर्मान आलं माझ्या नावानं!

मामांनी रीळ एका मोडक्या फोनोग्राफच्या हँडलला बसवून दिलं. एकदा हँडल फिरवलं की एक फेरा. एका हातानं हँडल, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तार — फार ओढली तर तुटते, ढिली सोडली तर गुंता. आणि मोजणार कसं? तर मामीनं शंभर चिंचोके मोजून एका वाटीत टाकले. शंभर फेरे झाले की एक चिंचोका पहिल्या वाटीतून दुसऱ्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाली की दहा हजार झाले. सोपं. आंधळ्यालाही जमावं असं.

पहिला दिवस मी मन लावून केलं. देवाशप्पथ. दुसरा दिवसही. नव्याण्णव, शंभर, टक् — चिंचोका. नव्याण्णव, शंभर, टक्. मान आखडायची, डोळ्यांना पाणी यायचं, पण चाचा येता-जाता म्हणायचे, "वा बेटा वा, क्या हात है," की परत जोर यायचा.

पण दिवस भुलाबाईचे होते हो! भाद्रपदातली पुनव झाली की आमच्याकडं घरोघर भुलाबाई बसायच्या. संध्याकाळ झाली की सगळ्या पोरी टिपऱ्या घेऊन निघायच्या, ह्या घरून त्या घरी, गाणी म्हणायची आणि मग खिरापत ओळखायची. डबा हलवायचा, वास घ्यायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट, गोल की चपटं. खिरापत ओळखण्यात माझ्याइतकी हुशार पोर आमच्या अख्ख्या वजिराबाद भागात नव्हती. डबा एकदा खडखडला की मी सांगायची — शेंगदाण्याची चिक्की आहे, पण वर खोबरं आहे. आणि ती मी दुपारपासून उजेड जाईपर्यंत खिडकीपाशी हँडल फिरवत बसलेली! पोरी दारावरून जायच्या. टिपऱ्या वाजवायच्या मुद्दाम. एक तर ओरडली, "इंदे, मामानं घाण्याला जुंपलं का गं?"

चौथा दिवस. मी अठ्ठेचाळिसावा चिंचोका टाकला. पलीकडच्या आळीत गाणी सुरू झाली होती. मामा बाजारात गेलेले, चाचा मागं फळी घासत बसलेले, मामी देवघरात. मी वाटीकडं बघितलं. बावन्न चिंचोके होते त्यात. चमकून राहिले होते, माझ्याकडं बघून.

काय सांगू? फार विचार केला असं नाही. वाटी उचलली आणि दुसऱ्या वाटीत उपडी केली. टक् नाही, खळ्ळकन आवाज झाला. एवढंच.

आणि पळाले भुलाबाईला. त्या दिवशी खिरापत लापशीची होती, बरं का, आणि मला ओळखता आली नाही. लापशी डब्यात वाजतच नाही ना.

मामा आले तेव्हा पहिली वाटी रिकामी, दुसरी भरलेली. गिटार दसऱ्याला वाजवायची ठरली होती, आणि दसऱ्याला अजून पाच दिवस, म्हणून ते एकदम खूष. पण उरलेली तार हातात घेऊन जरा थबकले. "इंदे, तार लई उरली गं. मला वाटलं सगळी लागंल."

मी म्हणाले, "मी लई घट्ट गुंडाळलं, मामा."

बघा. किती सहज आलं तोंडातून. आणि मामांनी काय करावं? रीळ उचलून चाचांना दाखवलं, "बघ दस्तगीर, पोरीचा हात बघ! दहा हजार फेरे आणि एवढंसं रीळ. मशीनला जमायचं न्हाई." मला वाटलं जमीन फाटावी. नाही — खोटं कशाला बोलू, आज तरी — मला तेव्हा तसं काही वाटलं नाही. मला लई भारी वाटलं.

मग जोडाजोड सुरू झाली. पहिल्यांदा रेडिओ लावला तर सूर बाजूलाच, नुसतं भुंग्यासारखं घुंऽऽ. विजेचा तो आवाज, तारेतून येतो. मामा डोकं धरून बसले. मग गिटारीच्या कानाभोवती तुपाच्या डब्याचा पत्रा लावला. घुंऽऽ थोडं कमी झालं. मग त्यांना सुचलं की पत्र्यापासून एक तार ओल्या जमिनीत सोडायची. पण दुकानाच्या दारात जमीन कुठली ओली? अंगणात रोज न चुकता पाणी मिळणारी एकच जागा, तुळस. मामांनी पितळी सळई तुळशीच्या मातीत खोल खोचली आणि तार जोडली. घुंऽऽ गेलं! असं गेलं की घर एकदम रिकामं वाटलं.

मामी पूजेचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि बघते तर तुळशीतून तार निघालेली. "हे काय? तुळशीला वीज पाजून राहिलात का?"

"पाजत न्हाई, पीतच न्हाई ती. उलट आपली घाण ती घेऊन राहिली."

"मग त्याच्यासाठी मोरी हाय की!" मामी म्हणाली. पण तार काढली नाही तिनं. पाणी मात्र त्या दिवसापासून दोन तांबे घालायला लागली.

आणि दसरा आला. सोनं द्यायला सगळी गल्ली घरी येते, आणि त्या दिवशी आलेलं कुणी परत गेलं नाही. ओसरीत, अंगणात, भिंतीवर, माणसंच माणसं, प्रत्येकाच्या मुठीत आपट्याची पानं. वीज संध्याकाळची आली. मामांनी गिटार मांडीवर घेतली, बोटात नख्या घातल्या, आणि भूप वाजवला. सोपाच राग, शाळेतल्या पोरांना येतो तो. पण तो सूर!

मला सांगता येणार नाही तो. गोदावरीच्या घाटावर सकाळी कुणीतरी तांब्या पाण्यात बुडवतं आणि तो काठावर ठेवताना ठण्ण होतं — तसा, पण लांबत जाणारा. कांडी सरकली की सूर नुसता वाहायचा, तुटत नव्हता, फाटत नव्हता, एक एक वेगळा ऐकू यायचा. कुणी पान हलवलं नाही. चाचांच्या दाढीवरून पाणी ओघळलं. म्हणाले, "बापूराव, ये आवाज नई, ये तो पानी है."

मामा उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लाकूड दस्तगीरचं. फेरे माझ्या इंदीचे. दहा हजार!"

त्या दिवसापासून मी दहा हजार फेऱ्यांची पोर झाले. बाजारात लोक दाखवायचे, ती बघा. मामांनी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं — १०,००० — आणि त्याच्यावर दर दसऱ्याला हळदकुंकू. मीच लावायची.

तर इथं गोष्ट संपली असती तर ती नुसती गंमत होती. नाही का?

ज्यांच्या लग्नात मामांनी गिटार ऐकली होती, त्यांच्या ओळखीचे एक वादक पुढच्या उन्हाळ्यात नांदेडला आले. मामांची गिटार त्यांनी वाजवून बघितली, परत वाजवली, आणि म्हणाले, अगदी अशीच अजून एक करून द्या, ती जमली तर आमच्या सगळ्या वाजवणाऱ्यांना तुमच्याकडंच पाठवतो. मामा आणि चाचा त्या दिवशी पोरांसारखे नाचले. ठरलं की चाचांनी लातूर सोडून नांदेडला यायचं, दोघांनी मिळून दुकान काढायचं. चाचांनी पाटीसुद्धा रंगवली, शिसवीची, एका बाजूनं उर्दू, एका बाजूनं मराठी. दोघांची नावं शेजारी शेजारी. नाव कुणाचं आधी ह्याच्यावरून दोन दिवस भांडण झालं. दोघंही म्हणत होते, तुझं आधी.

दुसऱ्या गिटारीचं रीळ मामांनी स्वतः केलं. मी तेव्हा गावी गेले होते, आजी आजारी म्हणून. ह्या वेळी त्यांनी चिंचोके ठेवले नाहीत, सायकलचं मैल मोजायचं यंत्र हँडलला जोडलं. बरोबर दहा हजार. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी परत आले तेव्हा ते मला म्हणाले, "इंदे, तुझी सर न्हाई गं मला. रीळ बघ कसं फुगलं, तार पण पुरली न्हाई, दुसरी आणावी लागली."

सगळं तिथं समोर होतं हो. फुगलेलं रीळ, संपलेली तार. सगळं ओरडून सांगत होतं. पण माझ्यावर संशय घ्यायचं मामांच्या मनातच आलं नाही.

गिटार जोडली. पत्रा तोच, तुळस तीच, रेडिओ तोच. मामांनी पहिला सूर काढला आणि घोंगडी पांघरून कुणी बोलावं तसा आवाज आला. जाड, दबलेला. मोठा केला की घसा बसल्यासारखा फाटायचा, लहान केला की परत घोंगडीत. सूर एकमेकांत मिसळत होते, पिठल्यासारखे. मामांनी तारा बदलल्या. लोहचुंबक बदललं. पत्रा काढला, परत लावला. आठ दिवस. शेवटी एकच गोष्ट राहिली, जी त्यांना बदलता येत नव्हती आणि जिच्यातलं त्यांना कळतही नव्हतं.

लाकूड.

मला पहिल्या सुरालाच कळलं होतं. माझे फेरे निम्मेसुद्धा नव्हते, म्हणून तो पहिला सूर साफ होता. दोन्ही गिटारींत वेगळं काय होतं ते जगात एकटीला मला माहीत होतं. पण अठ्ठेचाळीस म्हणायचं म्हणजे काय काय पुसायचं? भिंतीवरचा आकडा, दसरा, बाजारातली ती बोटं. मला मार बसला नसता, मामांनी आयुष्यात हात उगारला नाही. मला भीतीच नव्हती मुळी. मला फक्त दहा हजार फेऱ्यांची पोर राहायचं होतं.

मामांनी विचारलं नाही असंही नाही. एकदाच विचारलं, सहज, डाग देता देता. "इंदे, तुझे दहा हजारच झाले होते ना गं? चुकून जास्त न्हाई ना झाले?"

जास्त! त्यांना वाटलं, पोरीनं जास्त केले असतील!

"दहा हजारच, मामा."

"गंगामाईची आण?"

आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगामाईची आण," मी म्हणाले.

चाचा लातूरहून आले. त्यांचं सामान अर्धं बांधून झालं होतं, घर सोडायला. मामांनी गिटार त्यांच्यासमोर ठेवली, वाजवली, आणि म्हणाले, "लाकूड ओलं दिलंस, दस्तगीर. पावसाळ्यातलं. तू घाई केलीस."

चाचा आधी हसले. त्यांना वाटलं नेहमीचंच भांडण. मग बघितलं की मामा हसत नाहीत. त्यांनी गिटार उचलली, कानाशी नेली आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवली. "सुनो बापूराव. ये ओली है क्या? सुनो तो."

"मला आठ दिवस झाले ऐकून."

"मेरे कू झूटा बोलो. मेरी लकड़ी कू नक्को बोलो."

"मग काय माझ्या पोरीनं खोटं केलं? तिनं गंगेची आण घेतली. तिचे फेरे दहा हजार, माझे दहा हजार. राहिलं काय?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. रागानं नाही बघितलं हो — रागानं बघितलं असतं तर बरं — नुसतं बघितलं, लाकडाची गाठ बघावी तसं. मग हत्यारं पिशवीत भरली, एक एक करून, रंधा सगळ्यात शेवटी. मामीनं चहा आणला होता, त्याच कपात, जास्त साखरेचा. तसाच राहिला. दुपारच्या मोटारीनं गेले. परत नांदेडला आले नाहीत.

त्यानंतर लवकरच राज्यात जे झालं ते तुम्ही ऐकलंच असेल. माणसं माणसांना भ्यायला लागली. पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं, दुसरं आलं. आणि मग जो तो म्हणायला लागला, बापूराव-दस्तगीरची दोस्ती तुटली, काय करणार, दिवसच तसे होते. मामी म्हणायची. शेजारी म्हणायचे. पुढं पुढं मामासुद्धा म्हणायला लागले. मीही मान हलवायची. किती सोय झाली माझी! एवढं मोठं राज्य कोसळलं आणि त्याच्या मलब्याखाली माझे बावन्न चिंचोके कसे छान झाकले गेले. पण दिवस तसे यायच्या आधीच चाचांचा चहा तसाच राहिला होता. ते दिवसांनी नाही केलं. ते मी केलं.

दुसरी गिटार मोडून मामीनं तिचा खलबत्त्याखालचा पाट केला. पाटी मामांनी फेकली नाही. पालथी करून भिंतीला ठोकली आणि तिच्यावर रेडिओ ठेवायला लागले.

आणि बघा, नशीब पण कसं गमत्या असतं. मला सासर मिळालं लातूरचं! चाचांच्या दुकानापासून दोन गल्ल्या. पहिली दोन वर्षं मी बाजारात लांबच्या रस्त्यानं जायची, सासूला म्हणायची तिकडं भाजी ताजी मिळते. मग एकदा पोळपाट चिरला. सासू म्हणाली, दस्तगीरकडून आण, त्याच्यासारखा कुणी करत नाही. गेले.

चाचांनी चष्म्यावरून बघितलं आणि लगेच ओळखलं. "बापूराव की भांजी!" उठले, फडक्यानं स्टूल पुसलं, मला बसवलं. मामा कसे आहेत, मामी कशी आहे, तुळस आहे का. मग म्हणाले, "वो पहली वाली... बजाते क्या अब भी?"

"हाव, चाचा."

"साफ?"

"साफ."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मग आतून एक पोळपाट आणला, शिसवीचा, तीन पायांचा, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ठोक के देख, बेटा. सूखी है."

मी ठोकला. ठण्ण वाजला. इतका साफ.

त्याच वेळी बोलायचं होतं ना? दुकानात दोघंच होतो. एक वाक्य. फार तर दोन. मी म्हणाले, "छान आहे, चाचा," आणि पोळपाट काखेत मारून घरी आले.

त्यानंतर दोघंही बारा वर्षं जगले. मी नांदेडला गेले की मामा आडून विचारायचे, "लातूरला काय म्हणतात सगळे?" लातूरला चाचा विचारायचे, "नांदेड में सब ठीक?" दोघं एकमेकांचं नाव घ्यायचे नाहीत, आणि मधे मी — इकडचं तिकडं, तिकडचं इकडं, सगळं सांगायची. एक सोडून.

आता तुम्ही म्हणाल, आजी, आज हे का काढलंस? तर माझी नात मुक्ता. ती गिटार वाजवते, उभी राहून वाजवतात ती. सुट्टीत आली होती तेव्हा मामांची गिटार, त्यांच्या मागं माझ्याकडं आलेली, तिला माळ्यावर सापडली. तिनं पुसली, नवीन तारा लावल्या, आपल्या स्पीकरला जोडली. आणि ऐकलं मी. तेच पाणी. मुक्ता ओरडलीच, "आजी, काय साफ वाजतंय गं हे! मी घरी स्वतः असं बनवून बघणार. ह्याच्या रिळाला फेरे किती आहेत?"

नव्वदी उलटली माझी. दात खोटे, गुडघा खोटा. कुणाची भीती राहिली आता? मामा नाहीत, चाचा नाहीत, भिंतही पडली ती.

"दहा हजार," मी म्हणाले.

तिनं लिहून घेतलं. काल तिचा फोन आला. म्हणाली, "आजी, दहा हजार फेरे केले गं, पण आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. मला वाटतं लाकूडच खराब मिळालं. सुताराकडं परत नेते."

रात्रभर मला डोळ्याला डोळा नाही. सकाळी चाचांच्या पोळपाटावर दोन पोळ्या लाटल्या, त्या तव्यावर करपल्या. मग हे लिहायला घेतलं. लिहून झालं की मुक्तालाच पहिल्यांदा पाठवणार.

मुक्ते, सुताराकडं जाऊ नकोस. चार हजार आठशे. अठ्ठेचाळीस चिंचोके मी खरे टाकले, बावन्न ओतले. गंगेची आण खोटी होती.

दस्तगीरचाचांचं लाकूड कोरडं होतं.